एका बांधाचे दोन निकाल

३ जुलै १९३८, रविवार. डोंगरी.

ही डायरी कोर्टाची आहे. चोरीची नाही. उद्या पाद्रीबाबांच्या हाती पडली तर म्हणून आधीच लिहून ठेवते. मागच्या सालची एक कोरी उरली होती, ती हेडकारकुनांनी कोनूला दिली आणि कोनूने मला. त्यामुळे छापलेले वार सगळे चुकीचे आहेत, ते खोडून मी माझे घालते. कोनू म्हणतो, "आजी, दुसरी यत्ता शिकलीस ती वाया घालवू नको. रोज चार ओळी लिही." रोज कुठलं जमायला? वांगी कोण तोडेल, कोंबड्या कोण बघेल? पण आज लिहिते, कारण आज कुणाला तरी सांगायचंच आहे आणि अख्ख्या डोंगरी गावाला सांगून झालंय.

माझा नातू कॉन्रॅड, म्हणजेच कोनू, याला कोर्टात बढती मिळाली. आधी तो नकला करायचा. कागदांच्या नकला. शेजारच्या मार्थाला वाटलं होतं तमाशात जातो की काय. आता तो तक्ते करतो. तक्ता म्हणजे जज्जसाहेबांनी तीन महिन्यांत किती दावे निकाली काढले, किती बाकी राहिले, त्याची मोजदाद. ती जिल्ह्याला जाते, तिथून वर हायकोर्टात. जज्ज लोकांचा न्याय करतो आणि माझा कोनू जज्जाची मोजणी करतो! इन्फ्लुएंझाच्या साथीत याचे आईबाप गेले तेव्हा हा एवढासा होता, शेळीच्या दुधावर वाढवला. आज वर बघून मी माझ्या लेकाला म्हटलं, बघ रे, बघ.

१० जुलै, रविवार.

कोनू कोर्टाच्या गावी खोली घेऊन राहतो, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. काल जेवताना मला सरासरी समजावत होता. मी बोंबील तळत होते.

"समज आजी, सोमवारी तू चाळीस वांगी विकलीस आणि मंगळवारी एकही नाही. तर सरासरी वीस."

"मंगळवारी मी वीस विकली असं कोण म्हणतो? मी तर घरी होते."

"तसं नाही गं. कागदावर."

"कागदावर कशाला खोटं लिहायचं?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, प्रत्येक साहेबाच्या डोक्यावर किती दावे आहेत, रोज किती सुटतात, कोणाचं ओझं जास्त, कोण मागे पडला, हे सगळं आकड्यांत दिसतं. कामाची वाटणी त्यावरून होते. मी विचारलं, दहा साक्षीदारांचा भांडणाचा दावा आणि समोरचा आलाच नाही म्हणून संपलेला दावा, दोन्हींना किती धरतात? म्हणाला, एक आणि एक. म्हणजे हातभर घोळ मासाही एक आणि नखाएवढी करंदीही एक! असा हिशेब मी बाजारात केला असता तर कोळणींनी टोपली माझ्या डोक्यात घातली असती. पण सरकारचं काहीतरी असेलच त्यात, आपल्याला काय कळतंय.

बोंबील एक करपला.

२४ जुलै, रविवार.

आज रखमाबाई आली होती, भिजून चिंब. रखमा राई गावची, माझी बाजारातली जुनी सोबतीण. मी वांगी विकायची, ती भाजी, एकाच गोणपाटावर बसायचो. नवरा गेल्यावर एकटीच शेत करते. खाजणातलं शेत, एका अंगाला खाडी आणि मिठागर, मध्ये तिच्या सासऱ्याने घातलेला मातीचा बांध. चार वर्षांपूर्वी मिठागरवाल्या शेठने म्हटलं, बांध माझ्या हद्दीत आहे, मी फोडणार. एकदा खारं पाणी भातात शिरलं की किती वर्षं ती जमीन काही देत नाही, हे मी डोंगरीत सांगायला नको. रखमाने कोर्टात दावा घातला. तेव्हा साहेबांनी हुकूम काढला की दाव्याचं ठरेपर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून दावा चालूच आहे.

"नताल बाय," ती मला म्हणते, माझं नाव नतालीन पण राईत कोणी पुरं घेत नाही, "तुजा कोनू तर आता साहेबाचा साहेब झायला. माजा काय तो लवकर निकाल लाव सांग त्याला. तारखा खाऊन माजं पोट भरलं गो."

मी म्हटलं, सांगते की! आपला माणूस आत असताना तू कशाला काळजी करतेस?

तिला चहा दिला, गूळ दिला, माझं जुनं लुगडं दिलं. लुगडं परत आणून देईल, ती तशी आहे.

१५ ऑगस्ट, सोमवार.

मोत माऊलीचा सण पुढच्या महिन्यात, आज माऊलीचं स्वर्गारोहण. चर्चमध्ये मिस्सा छान झाली. मला उत्तनची मॉली पुन्हा दिसली, जुझेची मुलगी. उंच आहे, पण कोनूही उंच आहे.

कोनू सुट्टीला आला तो बातमी घेऊन. जाड चष्म्याच्या जज्जसाहेबांची बदली झाली. हे साहेब मी एकदा पाहिलेत, कोनूला डबा द्यायला गेले होते तेव्हा. एक म्हातारा आगरी साक्ष देत होता, मध्येच शेळीची गोष्ट सांगायला लागला, तर साहेबांनी तीही ऐकली. वकील घड्याळ बघत होते. कोनू म्हणतो, जिल्ह्यात यांचा आकडा सगळ्यांत खाली. तीन तिमाह्या सारखा खाली.

"मग शेवटचा तक्ता तूच केलास ना?" मी विचारलं.

"मी फक्त बेरीज केली."

"मग दोन-चार जास्त लिहायचेस. गरीब माणूस."

असा माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी चर्चची मेणबत्ती चोर म्हटलं. खरं तर त्याने बरोबर केलं. मी त्याला खोटं शिकवलेलं नाही. पण जाताना साहेबांनी याला हाक मारून सांगितलं म्हणे, "तुमचे आकडे अगदी अचूक होते." कोनू हे दोनदा बोलला. मोठ्या माणसाने शाबासकी दिली तर चेहरा एवढा उतरायला काय झालं? या वयातली मुलं कळत नाहीत. लग्न करून टाकायला हवं.

२८ ऑगस्ट, रविवार.

नवे साहेब आले. कोनू त्यांना घड्याळवाले म्हणतो. टेबलावर घड्याळ उभं करून बसतात. बरोब्बर अकराला. एक वर्षाहून जुने दावे वेगळे काढायला लावले, त्यावर लाल पट्टी चिकटवली. जिल्ह्याहून हुकूम आहे, लाल पट्टीवाले आधी संपवा, सप्टेंबरअखेर निम्मे तरी गेले पाहिजेत.

माझ्या तर डोक्यात उजेडच पडला. मी विचारलं, "रखमाच्या दाव्याला आहे का रे लाल पट्टी?"

"आहे."

"अरे मग! हा साहेब लवकर काढणारा, तुझ्या हातात पट्ट्या. तिचा घे की वर."

कोनू म्हणाला, जुन्या साहेबांनी तिला मुद्दाम कापणीनंतरची तारीख दिलीय, शेत सोडून यावं लागू नये म्हणून. मी म्हटलं, चार वर्षं झाली, आता कापणी कसली बघतोस? कापणीचं आम्ही दोघी बघू. तो नुसता भात कालवत बसला. मी त्याला चांगलंच टोचलं, "आजीच्या एका मैत्रिणीचं एवढं काम होत नाही तर बढती काय चाटायची?"

हसला शेवटी. माझा शब्द तो मोडत नाही.

१८ सप्टेंबर, रविवार.

कोंबडीने बारा पिल्लं काढली, एक घारीने नेलं. कोनू या आठवड्यात आला नाही, तक्त्याची घाई. निरोप पाठवला की कपडे पाठव. कपडे पाठवले, सोबत बांगड्याचं लोणचं.

१ ऑक्टोबर, शनिवार.

आला! बारीक झालाय पण काय बातमी आणली! आकडे यंदा महिना संपायच्या आधीच मागवले होते, आणि त्यांचं कोर्ट जिल्ह्यात पहिलं. जिल्ह्याच्या साहेबांनी आपल्या हाताने पत्रात लिहिलं, तक्ते करणाऱ्या कारकुनाचंही नाव घातलं. माझ्या कोनूचं नाव! मी मार्थाकडे धावले, मग तिथून होडीवाल्या पास्कूकडे, मग आठवलं की चुलीवर भात आहे.

जेवताना विचारलं, "आणि रखमाचा?"

"निकाली निघाला."

मी टाळीच वाजवली. खरंच वाजवली, या वयात. म्हटलं, बघ, आजीने टोचलं म्हणून झालं. तो उठला, हात धुतले, ताटात अर्धा भात तसाच. म्हणाला वाटेत खाणावळीत खाऊन आलोय. त्या खाणावळीचं तेल वाईट. मी ओवा दिला. झोपताना म्हणाला, "आजी, रखमाबाईंना वकिलाकडे जायला सांग, लवकर." मी म्हटलं, जाईल की, त्यांचेही आभार मानायला नकोत?

२ ऑक्टोबर, रविवार.

आज आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात तो दिवस. बँड होता, मुली पांढऱ्यात होत्या, आणि यंदा मी रखमालाही बोलावलं होतं. ती दर साली आपल्या शेतातली एक जुडी मला देते, माझ्या जुडीबरोबर ठेवायला. म्हणते, देव काय विचारतो, कुणाच्या खाजणातली?

मिस्सा सुटल्यावर पायरीवरच मी तिला सांगितलं. "रखमे, निकाल लागला गो तुझा!"

ती मग पायरीवर बसली. मग म्हणाली, "लागला? माज्या बाजूनं?"

मी म्हटलं, "अगं, निकाल लागला म्हणजे लागला! कोनूच बोलला."

तिने डोळ्याला पदर लावला आणि मग हसायला लागली. आम्ही दोघी म्हाताऱ्या पायरीवर पोरींसारख्या. पाद्रीबाबांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, त्यांनीही तिला आशीर्वाद दिला. घरी नेऊन तिला कोंबडी जेवू घालणार होते, पण ती खात नाही देवीच्या दिवसांत, नवरात्र चाललंय ना. मग वडे आणि भाजी. कोनू सकाळीच पास्कूच्या होडीवर उत्तनला गेला, जेवायलाही आला नाही. मॉलीकडे गेला असेल. मी विचारणार नाही.

वकिलाचं सांगायचं राहूनच गेलं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार.

बांध फोडला.

रखमाचा भाचा बाळा सांगायला आला. शेठची माणसं कुदळी घेऊन आली, सोबत पाटील. रखमा आडवी गेली, म्हणाली, माझा निकाल लागलाय, हात लावू नका. तर शेठचा मुनीम म्हणाला, "हो बाई, लागलाय. म्हणून तर आलो." आणि सगळे हसले.

मला काही समजत नाही. राईला गेले. भात नुकतं पिवळं पडायला लागलंय, आणखी तीन आठवड्यांत कापलं असतं. बांधाला खिंडार, बैलगाडी जाईल एवढं. रखमा माझ्याकडे बघत म्हणाली, "नताल बाय, मना परत सांग. कोनू काय बोलला? तसंच्या तसं सांग."

मी तसंच्या तसं सांगितलं. निकाली निघाला.

"निकाली निघाला," ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा.

८ ऑक्टोबर, शनिवार.

कोनू दारात आला तेव्हा मी पाणीही दिलं नाही. विचारलं, कोण जिंकलं?

"कुणीच नाही."

मग बसून सांगितलं. त्याने रखमाचा दावा वर घेतला, तारीख अलीकडे आणली. वकिलाला कळवलं, वकिलाने सही केली आणि रखमाला निरोप धाडायचं त्याच्याकडून राहिलं. महिनाअखेर होती, त्याच दिवशी वकिलाची दुसऱ्या कोर्टात तीन कामं, तोही आला नाही. शिपायाने रखमाचं नाव तीनदा पुकारलं. कुणी ओ दिली नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला. दावा गेला तसा बांधाला हात लावू नये हा हुकूमही गेला.

"याला निकाल म्हणतात?"

"तक्त्यात याचा रकाना निकालाचाच आहे."

"मग मला पायरीवर नाचू का दिलंस?"

"मला वाटलं वकील सांगेल. मला वाटलं..." मग मान खाली घालून बोलला, रागाने नाही बोलला, ते तरी बरं झालं असतं, "तूच म्हणाली होतीस आजी. लवकर काढ."

म्हणाले होते. इथेच वर लिहिलंय.

मग त्याने सांगितलं की अर्ज करता येतो, दावा पुन्हा नंबरावर घ्या म्हणून. घेतला तर तो हुकूमही मागता येईल. सोमवारी तो रखमाला सोबत नेणार. उद्या पुनव, कोजागिरी. मी आमच्या माऊलीला एक आणि रखमाच्या देवीला एक, अशा दोन मेणबत्त्या बोलले. देवीला मेणबत्ती चालते का ते माहीत नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार.

काल पुनवेचं उधाण आलं. अर्ध्या शेतात पाणी. खालचं अर्धं. वरचं अजून उभं आहे. आम्ही बघत उभ्या होतो. पाणी घाई करत नाही, आवाजही करत नाही. कोनूही होता, पँट गुडघ्यापर्यंत वर करून. रखमाने त्याला फक्त विचारलं, "जेवलास काय रे?"

आज पहाटे दोघं खाडीतून मचव्याने कोर्टाच्या गावी गेले.

१२ ऑक्टोबर, बुधवार.

रखमा परत आलीय. म्हणते, साहेब वाईट नाही दिसला. विचारलं बाई का आली नाहीस, तिने सांगितलं निरोपच मिळाला नाही. वकील खाली बघत उभा होता. साहेबांनी शेठच्या वकिलाचं ऐकलं, घड्याळ बघितलं, म्हणाले हुकूम सुट्टीआधी करतो. कोर्टाला दिवाळीची मोठी सुट्टी लागतेय.

"करतील गो चांगलं," मी म्हटलं. मग तोंडावर हात ठेवला. मी आता काही बोलायचंच नाही असं ठरवलंय.

पुढचं उधाण अमावास्येला. त्याआधी खिंडार बुजलं तर वरचं अर्धं भात वाचतं.

१५ ऑक्टोबर, शनिवार.

कोनू आला. अर्ज नामंजूर. वकिलाला कळवलं म्हणजे बाईला कळलं, असं कायदा धरतो.

चुलीपाशी बसून होता. मला वाटलं रडतोय, पण तो बोलत होता, माझ्याशीही नव्हे.

"अर्जाचा वेगळा नंबर पडतो, आजी. तोही निकाली, या नव्या तिमाहीत. दाव्याचा एक, अर्जाचा एक. एका बांधाचे दोन निकाल. आम्ही पुन्हा पहिले येऊ."

मी म्हटलं, तू तो अर्ज तक्त्यात घालू नको. तो म्हणाला, मी नाही घातला तर दुसरा कारकून घालेल. मी म्हटलं, मग साहेबाला जाऊन सांग. तो म्हणाला, सांगितलं. साहेब म्हणाले, माझ्याकडे किती दावे आहेत आणि दिवस किती, हे तूच मला काढून दिलंस ना? भाग करून बघ, एका बाईच्या वाट्याला किती मिनिटं येतात. कोनूने तिथेच भाग केला. किती आली ते मला सांगितलं नाही.

मी विचारलं, मग कुणाला सांगायचं? जिल्ह्याच्या साहेबाला? तो म्हणाला, त्यांचाही तक्ता वर जातो. आणि त्याच्या वर? कोनू म्हणाला, "तिथवर फक्त आकडे पोचतात, आजी."

म्हणजे कुणीच वाईट नाही. वाईट असता तर त्याच्या दारात जाऊन बसले असते, शिव्या दिल्या असत्या, मला चांगल्या येतात.

जिल्ह्याला बोलावलंय त्याला, मोठ्या हुद्द्यावर. मी शेजारी कुणाला सांगितलं नाही. कोजागिरीच्या आधी हे कळलं असतं तर मी मशाल घेऊन डोंगरी फिरले असते. जुझेची बायको मात्र कुठून तरी ऐकून आली, साखर घेऊन, मॉलीला घेऊन. मॉली चुलीपाशी जाऊन कोनूच्या बाजूला बसली आणि लाकडं पुढे सारू लागली. शहाणी आहे.

१७ ऑक्टोबर, सोमवार.

रखमाला कुणीतरी सांगायला हवं होतं. कोनू काल म्हणाला मी जातो. मी म्हटलं, नको, पहिली बातमी मी दिली होती.

रस्ताभर शब्द जुळवत गेले. पाद्रीबाबा कोणी मेलं की सांगतात तसं, आधी हात धरून, मग हळूच. राईला पोचले तर घराला कडी. शेतावर गेले.

ती आपल्याच शेतात खणत होती. वरच्या अर्ध्यात, जिथे भात उभं होतं तिथे. भात कच्चंच कापून बाजूला टाकलेलं, गुरांना होईल म्हणून, आणि खालची माती कुदळीने काढून ढेकळं रचत होती. बाळा आणि काळूरामची सून टोपल्या वाहत होते. काळूरामचं शेत हिच्या मागेच, मध्ये गुडघाभर उंचीची वाट. अमावास्येचं पाणी रखमाच्या शेतातून थेट त्याच्यात उतरणार. त्यांच्या घरात लहान मुलं सहा. म्हणून ही आपली माती काढून त्यांना बांध घालत होती. तिच्या शेताचा आता खड्डा झालाय.

मी वाटेवर उभी राहिले. तिने मान वर केली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. मी तिचा हात धरायचा म्हणून पुढे झाले, पण हातात कुदळ होती.

"काय झायला?" तिने विचारलं.

सगळे जुळवलेले शब्द गेले. मला दुसरा शब्दच येत नव्हता. तीन महिने ज्या एका शब्दाने मी नाचले, तोच तोंडात आला.

"निकाल लागला," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकली, एक मोठं ढेकूळ उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"बरं," म्हणाली. "ह्यो तिकडं लाव. ओली बाजू आत ठेव, न्हायतर बसनार न्हाय."

मी लुगड्याचा काचा मारला आणि उतरले.